पडद्यावरून टेबलावर: सिनेमा-मालिकांतून रोलप्लेइंग गेम कसा बांधायचा

सिनेमा आवडला की त्यावर रोलप्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक पात्र वठवायचा खेळ, करायची खुमखुमी येते, आणि बहुतेक गेम तिथेच फसतात. गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, सिनेमाची गोष्ट घेतो, तिचे सहा प्रसंग पाडतो, पात्रांची नावं बदलतो आणि रविवारी दुपारी खेळाडूंपुढे मांडतो. दुसऱ्याच प्रसंगात खेळाडू म्हणतात, ‘या वाड्यात कशाला थांबायचं? चला, मिळेल ती गाडी पकडून ठाण्याला परत.’ सिनेमातली माणसं वाड्यात थांबतात, कारण लेखकाला ती तिथे हवी असतात. टेबलावरची माणसं अशी कोणाचं ऐकत नाहीत, आणि जबरदस्तीने ऐकवलं तर खेळाडू मोबाइल काढतात.

म्हणून गोष्ट सोडून द्यायची आणि सिनेमातली कोंडी उचलायची. कोंडी म्हणजे तीन प्रश्नांची उत्तरं: कोणाला काय हवंय, सगळं सोडून निघून का जाता येत नाही, आणि उशीर झाला तर काय बिघडतं. ही तीन उत्तरं पक्की असली की प्रसंग खेळाडू स्वतःच घडवतात. पुढचं सगळं चार खेळाडू, एक गेम मास्टर आणि चार तासांचं एक सेशन, म्हणजे एकाच बैठकीत संपणारा वन-शॉट, असं धरून लिहिलं आहे.

सिनेमा निवडताना

एकखांबी नायकाचा सिनेमा टाळा. एकट्या पोलीस अधिकाऱ्याने सगळं शहर साफ केलं, हे बघायला झकास, पण टेबलावर चार जण असतात आणि उरलेल्या तिघांना चहा आणायचं काम उरतं. टोळीचे सिनेमे शोधा: गावाच्या रक्षणाला जमलेली माणसं, चोरीचा कट, जहाजावर अडकलेले खलाशी, तपास पथक. अकिरा कुरोसावाचा ‘सेव्हन समुराय’ (१९५४) आणि त्याच कुळातला ‘शोले’ (१९७५) अजूनही कामाला येतात ते यामुळेच. भाड्याने आणलेले लढवय्ये, लुटलं जाणारं गाव आणि परत येणार हे नक्की असलेला शत्रू, एवढ्यावर कितीही वेगळे खेळ उभे राहतात.

ज्या सिनेमाचा सगळा दम शेवटच्या धक्क्यात आहे, तोही नको. ‘हे सगळं स्वप्न होतं’ किंवा ‘नायक आधीच मेलेला होता’ असले धक्के कॅमेऱ्याने काय दाखवायचं टाळलं यावर उभे असतात. टेबलावर कॅमेरा खेळाडूंच्या हातात असतो. चार तास त्यांनी विचार करून घेतलेले निर्णय शेवटच्या पाच मिनिटांत खोटे ठरवले, तर पुढच्या रविवारी कोणी येत नाही.

दोनदा बघा, दुसऱ्यांदा वही घेऊन

पहिल्यांदा मजेत बघा. दुसऱ्यांदा रिमोट हातात ठेवा आणि वहीच्या पानावर चार रकाने आखा: किती मिनिटं झाली, कोणाला काय हवंय, आडवं काय आलं, शेवटी काय बदललं. सगळा सिनेमा लिहायची गरज नाही. दहा प्रसंग पुरतात, पण शेवटचा रकाना रिकामा राहिला तर तो प्रसंग टेबलासाठी निरुपयोगी समजा. सुंदर गाणं, सुंदर पाऊस, पण बदललं काहीच नाही, अशा प्रसंगांतून फक्त वातावरण घ्यायचं.

‘शोले’वर हे करून बघितलं तर काय हाती लागतं? गब्बर पडद्यावर बराच उशिरा येतो. तोवर फक्त त्याचं नाव ऐकू येतं. आल्यावर तो पहिला हात उगारतो तो स्वतःच्याच तीन माणसांवर. सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरातल्या तीन हवेत उडवतो, चक्र फिरवतो, तिघांच्या डोक्यावर घोडा ओढतो, तिन्ही वेळा रिकामा जातो, सगळे हसतात, आणि मग तो तिघांनाही मारतो. गेम मास्टरने इथून घ्यायचं ते इतकंच: खलनायकाची ओळख त्याच्या माणसांना तो कसा वागवतो यावरून करून द्या. खेळाडूंसमोर त्याला भाषण करायला उभं केलंत तर पहिल्या वाक्यालाच कोणीतरी बाण सोडेल, आणि तो लागेलही.

दुसरी वस्तू म्हणजे ठाकूरची शाल. त्याचे हात नाहीत हे आपल्याला कळतं तेव्हा बराच सिनेमा झालेला असतो, पण खूण आधीपासून समोर असते. होळीच्या हल्ल्यात बंदूक जवळ पडलेली असूनही तो ती उचलून देत नाही. जय-वीरू चिडतात, जाब विचारतात, आणि मग गुपित उघडतं. गेममधल्या प्रत्येक गुपिताला अशी एक शाल हवी, म्हणजे आधी दिसलेली, खटकलेली आणि न कळलेली एक खूण. गुपित तुमच्या वहीत आणि खूण टेबलावर. खूणच नसेल तर गुपित उघडल्यावर खेळाडू नुसतं ‘बरं’ म्हणतात.

हिशेब वेळेचा

दोन तासांच्या सिनेमात चाळीस-पन्नास प्रसंग सहज असतात. टेबलावर चार जण बोलत असताना एका प्रसंगाला तीस ते चाळीस मिनिटं जातात. चार तासांतून सुरुवातीची वीस मिनिटं आणि चहा-वडापावची पंधरा वजा केली की हातात पाच प्रसंग उरतात, फार तर सहा. लोक बारा लिहून आणतात, मग शेवटचा संघर्ष रात्री दहाला घाईघाईत उरकला जातो, आणि सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये बसला असाल तर वॉचमन दिवे बंद करायला आलेला असतो.

नियम कोणतेही चालतील. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) हा गेम या सगळ्यांचा मूळपुरुष असला तरी तो लढाई आणि खजिन्यासाठी घडला आहे. भीती, तपास किंवा फसलेली चोरी त्यात ओढूनताणून बसवावी लागते. नवख्या टेबलासाठी ल्युडोचे दोन फासे पुरेत. प्रत्येक पात्राला चार गुण द्या, अंगमेहनत, डोकं, बोलणं आणि धीर, आणि त्यांत +२, +१, ० आणि −१ वाटा. दोन फाशांच्या बेरजेत गुण मिळवायचा. ६ किंवा कमी आलं तर काम फसतं आणि कोंडी आवळते. ७ ते ९ आलं तर काम होतं, पण किंमत मोजून. १० किंवा जास्त आलं तर काम सरळ होतं. ही पद्धत २०१० च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या गेममुळे रुळली. गुण शून्य असेल तर ३६ पैकी १५ वेळा फसतं, १५ वेळा किंमत पडते आणि फक्त ६ वेळा सुखरूप सुटका होते. गुण +२ असेल तर टोकं उलटतात: १५ वेळा सरळ, ६ वेळा फसगत. मधला ‘झालं, पण...’चा टप्पा मोठाच राहतो. सिनेमाही नेमका त्याच ‘पण’वर चालतो, म्हणून हे फासे इथे शोभतात.

भयपट: आधी नियम, मग राक्षस

स्पीलबर्गच्या ‘जॉज’च्या (१९७५) चित्रीकरणात यांत्रिक शार्क सारखा बिघडत राहिला, म्हणून तो कमी दाखवला गेला आणि सिनेमा जास्त भीतिदायक झाला. टेबलावर हेच मुद्दाम करायचं. पहिल्या तासात राक्षस दाखवायचा नाही, त्याने केलेलं दाखवायचं. मात्र नुसतं लपवून भागत नाही. चार तास ‘काहीतरी आहे’ एवढंच ऐकून खेळाडू कंटाळतात, आणि कंटाळलेले खेळाडू विनोद करतात.

त्यावर उपाय ‘तुंबाड’मध्ये (२०१८) आहे. तिथल्या भीतीला नियम आहेत. हस्तर या शापित देवाला पीठ हवं असतं. पिठाचं रिंगण आखून आत बसायचं, कणकेची बाहुली पुढे टाकायची, तो तिच्यात गुंतला की त्याच्या लंगोटातली नाणी ओढायची. नियम साधे आहेत, म्हणून लोभ त्यांत पळवाट शोधतो: एका बाहुलीऐवजी अनेक नेल्या तर? आणि तिथेच सगळं अंगावर येतं. खेळाडू हेच करतात. त्यांना तीन नियम कळू द्या, चौथा त्यांच्या हुशारीतून फुटू द्या. राक्षसाचे नियम वहीत एका ओळीत एक असे लिहा, आणि खेळ सुरू झाल्यावर बदलू नका. ‘आता बंदुकीनेही मरत नाही’ असं ऐन वेळी ठरवलंत तर खेळाडूंना ते लगेच कळतं.

सूर आधी ठरवा. मराठी टेबलावर बाहुली आली की कोणीतरी तात्या विंचूच्या आवाजात बोलणारच. ‘झपाटलेला’ (१९९३) सगळ्यांच्या अंगात भिनलेला आहे. त्याला विरोध करू नका. एक तर बाहुली ठेवू नका, नाहीतर विनोदी भयपटच करायचं ठरवून मोकळे व्हा. तिसरा मार्ग नाही.

भीतीच्या खेळाआधी पाच मिनिटं हेही विचारून घ्या: काय अजिबात नको, आणि काय घडलं तरी पडद्याआड ठेवायचं. लहान मुलांना इजा, आत्महत्या, लैंगिक हिंसा या तीन गोष्टी निदान नाव घेऊन विचारा. टेबलाच्या मधोमध फुली मारलेला एक कागद ठेवा. कोणीही त्याला हात लावला की कारण न विचारता प्रसंग पुढे सरकवायचा. ओळखीतल्या ओळखीत खेळणाऱ्यांना हे उगाच वाटतं, पण जवळच्या माणसासमोरच ‘मला हे नको’ म्हणणं जड जातं.

वातावरणासाठी दिवे मंद करायला हरकत नाही, पण कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेला कागद, वाचता आला पाहिजे. कॅफेत भयपट करू नका. मिक्सरच्या आवाजात कुजबुज ऐकू येत नाही.

तपास: दयाने दार तोडायचं तर फासा कशाला?

१९९८ मध्ये सुरू झालेली ‘सीआयडी’ ही तपासाचा गेम शिकायची उत्तम शाळा आहे, हसू नका. दया दार तोडतो, ते तुटतंच. साळुंखेंच्या प्रयोगशाळेतून अहवाल येतो, तो येतोच. प्रश्न पुरावा मिळेल का हा नसतोच, त्याचा अर्थ काय आणि आता कोणाला गाठायचं हा असतो. रॉबिन लॉज यांची ‘गमशू’ ही नियमपद्धत याच तत्त्वावर उभी आहे: योग्य जागी योग्य कौशल्याचा माणूस गेला की पुरावा फाशाशिवाय मिळतो.

हे न पाळल्यास काय होतं ते आकड्यांत बघा. एकच पुरावा आहे आणि तो सापडण्याची शक्यता ६५ टक्के ठेवली, तर शंभरातल्या पस्तीस वेळा तुमचा खेळ दुसऱ्या प्रसंगात थांबतो. त्याच निष्कर्षाकडे नेणाऱ्या तीन वेगळ्या खुणा तीन वेगळ्या जागी ठेवल्या, तर तिन्ही हुकण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आसपास येते. फासा ठेवायचाच असेल तर पुरावा मिळण्यावर ठेवू नका, तो शोधताना कोणाला सुगावा लागला यावर ठेवा.

मराठी मालिकांत संशयित बोलता बोलता स्वतःच सगळं ओकतो. टेबलावरही तसं होऊ द्या, पण प्रत्येक साक्षीदाराला एक खोटं बोलायला लावा, आणि त्याचं कारण खुनाशी संबंध नसलेलं ठेवा: लफडं, उधारी, मुलाचं ॲडमिशन.

चोरीचा कट

चोरीच्या सिनेमात आखणी पाच मिनिटांत उरकते. टेबलावर ती दोन तास खाते, कारण खेळाडूंना प्रत्येक ‘जर-तर’ची भीती वाटते. जॉन हार्पर यांच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’ (२०१७) या गेमने यावर तोडगा काढला: आखणी जवळजवळ नाहीच, थेट चोरी सुरू करा, आणि अडलं की मागे जाऊन दाखवा. ‘मी कालच या वॉचमनच्या मेहुण्याला भेटून आलो होतो’ असं खेळाडूने म्हणायचं आणि ते किती विचित्र आहे त्यानुसार ताणाचे गुण मोजायचे. साध्या फाशांवर खेळत असाल तर प्रत्येकाला सेशनमध्ये असे दोन फ्लॅशबॅक द्या, बस.

लपूनछपून आत शिरताना सगळ्यांना वेगवेगळी फेक करायला लावू नका. प्रत्येकाची शक्यता ७० टक्के असली तरी चौघंही सुटतील याची शक्यता २४ टक्केच राहते, कारण ०.७ चारदा गुणायचा असतो. ‘निम्मे यशस्वी झाले की गट यशस्वी’ असा नियम लावला की तीच शक्यता ९२ टक्क्यांच्या आसपास जाते. ‘आमच्या टेबलावर चोरी कधी जमतच नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हा गुणाकार असतो.

आपल्या भागात आणताना

परदेशी सिनेमातली जागा बदलून ठाणे-नवी मुंबई करायची तर नुसती पाटी बदलू नका. त्या जागेने सिनेमात जे काम केलं तेच काम इथे कोण करतं ते शोधा. ओसाड जंगलातली झोपडी म्हणजे येऊर, पण तिथे वाट चुकवायला चकवा आहे आणि बिबट्या खराखुरा आहे. चकव्याला मात्र त्याहून चांगली जागा कोपरखैरणेत सापडेल: सारख्याच बैठ्या चाळींच्या रांगा, सारखेच कोपरे, पावसात पुसट झालेले सेक्टरचे फलक. शहरात वाट चुकण्याची भीती जंगलातल्यापेक्षा जास्त लागते, कारण तिथे विचारायला माणसं असतात आणि तीही चुकीचं सांगतात.

तुरुंगफोडीला ठाण्याचा किल्ला आयता आहे, कारण आज त्यातच मध्यवर्ती कारागृह आहे. ऐतिहासिक साहस हवं असेल तर तोच किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतला. चार खेळाडूंना हल्ल्याच्या आदल्या रात्री आत शिरलेले हेर करा. प्रयोग चालू असताना विंगेत घडणारं रहस्य गडकरी रंगायतनसारख्या नाट्यगृहात छान रंगतं: दोन अंक, एक मध्यांतर, आणि प्रेक्षकांना काही कळता कामा नये. पारसिकचा बोगदा, वाशी स्टेशनची अवाढव्य इमारत, ऐरोलीचा खाडीकिनारा, प्रत्येकाचा एक सिनेमा आहे. नवी मुंबईची खरी श्रीमंती मात्र गावठाणांत आहे. सिडकोचे आखीव सेक्टर संपतात आणि एका गल्लीत घणसोली किंवा दिवाळे गाव सुरू होतं: गावदेवीचं देऊळ, जाळी, हळदीचा मांडव. जुन्या कराराची आणि नव्या टॉवरची गाठ पडते अशी ही सीमा गूढकथेला फुकट मिळते. आगरी-कोळी पात्रं करायची तर त्यांना नुसतं हेल काढून बोलायला लावू नका. धंदा द्या, नातं द्या, जमिनीचं एखादं प्रकरण द्या.

आणि रात्री ‘लोकेशन बघायला’ येऊरला किंवा खाडीत जाऊ नका. नकाशा आणि दिवसाउजेडी काढलेले चार फोटो पुरतात.

एक नमुना: तुर्भ्याचं कोल्ड स्टोरेज

‘एलियन’च्या (१९७९) जातीचा खेळ घेऊ: बंद जागा, कामगार माणसं, आत शिरलेलं काहीतरी. अंतराळजहाजाऐवजी तुर्भे एमआयडीसीतलं कोल्ड स्टोरेज. जुलैची रात्र, भरती, मुसळधार पाऊस, बाहेर कंबरेइतकं पाणी. म्हणजे ‘निघून का जाता येत नाही’ याचं उत्तर झालं.

पात्रं चार आणि आधीच लिहून द्यायची: चाव्या असलेला वॉचमन, अमोनिया प्लांटची ऑपरेटर, माथाडी कामगार, आणि संध्याकाळी कोळंबीचा माल घेऊन आलेला ट्रक ड्रायव्हर. प्रत्येकाच्या शीटवर एक गरज आणि दुसऱ्या पात्राशी एक देणं-घेणं, इतकंच. ड्रायव्हरच्या शीटवर एक ओळ जास्त: माल कुठून आला हे विचारायचं नाही असं सांगून त्याला दुप्पट भाडं दिलंय. चाणाक्ष खेळाडू इथे थांबेल, कारण जून-जुलैत राज्यात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. जुलैत ताज्या कोळंबीचा ट्रक आला कसा? ही झाली ठाकूरची शाल.

कोळंबीखाली दडवलेल्या एका लाकडी खोक्यात गिऱ्हा आहे. कोकणातलं हे पाण्यातलं भूत माणसाला खोल पाण्याकडे ओढतं. आपल्या खेळापुरते त्याचे तीन नियम: ते फक्त पातळ पाण्यातून फिरतं, बर्फ झाला की अडकतं, आणि स्वतः बुडवलेल्या माणसाच्या आवाजात हाक मारतं. आता जागेचं गणित बघा. बटाट्याची चेंबर २ ते ४ अंशांवर असतात, तिथे पाणी गोठत नाही. गोठवलेल्या मालाचं एकच चेंबर −१८ वर आहे. ते चालू ठेवायला वीज लागते, वीज गेली आहे, आणि जनरेटरचं डिझेल संपत चाललंय. लाइनमधून अमोनिया गळायला लागला तर तो दाबायला पाण्याचा फवारा मारावा लागतो, आणि पाणी हीच तर गिऱ्ह्याची वाट. परदेशी मालिका बघून कोणीतरी मिठाची रेघ मारणारच. मारू द्या. मिठाने बर्फ लवकर वितळतो.

वहीत दोन वर्तुळं काढा. ‘डिझेल’चे सहा भाग, ‘पाणी आत येतंय’चे चार. फेक ६ किंवा खाली गेली की कोणत्याही एका वर्तुळाचा एक भाग रंगवायचा, खेळाडूंना दिसेल असा. एका सेशनमध्ये वीसेक फेकी होतात. खेळाडू सहसा आपल्या भक्कम बाजूवरच खेळतात, म्हणून सरासरी गुण +१ धरा. ३६ पैकी १० वेळा फसतं, म्हणजे पाच-सहा भाग रंगतात. दोन वर्तुळांत वाटले गेले तर कोंडी सैल पडते, म्हणून दर अर्ध्या तासाला घड्याळ बघून ‘पाणी’चा एक भाग आपणहून रंगवा. अशाने पाणी दोन तासांत आत येतं आणि डिझेल शेवटच्या तासात ऐरणीवर येतं. डिझेललाही चारच भाग ठेवलेत तर सगळं वेळेआधीच संपेल.

‘ते गोठतं’ हा खेळाचा निर्णायक शोध. त्याच्या तीन खुणा: कोळंबीच्या पेट्यांखाली दडवलेल्या लाकडी खोक्याभोवती गरजेपेक्षा कितीतरी जास्त बर्फ, ओल्या पावलांची रांग जी −१८ च्या दारापाशी येऊन वळते, आणि ऑफिसातल्या सीसीटीव्हीत दिसणारं, मालावरून ओघळताना मधेच थिजलेलं पाणी. प्रसंग पाच: वीज जाते, मशीन रूम, ट्रक, ऑफिस, आणि शेवट −१८ मध्ये. मधले तीन कोणत्याही क्रमाने येऊ द्या. ओल्या कपड्यांनी −१८ मध्ये शिरणाऱ्याने दर प्रसंगाला धीराची एक फेक करायची. दोनदा फसला की बोटं काम करत नाहीत.

गिऱ्हा पहिल्यांदा दाखवायचा तो हाकेतून. वॉचमनला त्याच्या गेल्या वर्षी खाडीत बुडालेल्या भावाचा आवाज ड्रेनेजच्या जाळीतून येतो: ‘दादा, टॉर्च खाली धर ना.’ एवढंच बोला आणि गप्प बसा. पुढची दहा सेकंदं खेळाडूंना बोलू द्या.

टेबलावर काय बिघडतं

खेळाडू पांगतात. सिनेमात पांगलेली माणसं मजा आणतात, टेबलावर तीन जण ताटकळतात. पाच-सात मिनिटांनी प्रसंग तोडा, आणि प्रश्नावर तोडा: ‘दाराची कडी हलते. आता ट्रकपाशी काय चाललंय?’

कोणीतरी सिनेमा ओळखतो. ओळखू द्या, पण त्याच्या माहितीचा त्याला फायदा होऊ नये म्हणून मूळ सिनेमातली एक कळीची गोष्ट आधीच उलटी केलेली असावी. एलियन बाहेरून आत येतो. इथे तो आपल्याच ड्रायव्हरने भाडं घेऊन आणलाय.

खलनायक लवकर मरतो. मरू द्या. त्याला फाशाशिवाय पळवून लावण्यापेक्षा त्याची योजना दुसऱ्या कोणाच्या तरी हातात आधीच गेलेली असणं बरं. नावांची तारांबळ उडते, म्हणून दहा नावं आणि दहा धंदे पानाच्या कडेला लिहून ठेवा: म्हात्रे, भोईर, शेख, तांडेल, पिल्लई... ऐनवेळी सुचलेलं नाव हमखास टेबलावरच्या कोणाच्या तरी सासऱ्यांचं निघतं.

मालिकेसारखं लांब खेळायचं असेल

कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारा खेळ, म्हटलं की पन्नास सेशन असं मनात धरून बसू नका. मोठ्या माणसांच्या टेबलावर परीक्षा, गणपती, नाइट शिफ्ट आणि लग्नसराई यांतून सहा सेशन सलग झाले तरी खूप. सहाचा एक सीझन करा. प्रत्येक सेशनमध्ये एक प्रकरण पूर्ण मिटलं पाहिजे आणि एकच धागा पुढे गेला पाहिजे. दोन नेलेत तर तीन आठवड्यांनी कोणालाच आठवत नाहीत.

दररोजच्या मालिकांकडून एक कौशल्य मात्र जरूर घ्या: कुठे थांबायचं. भाग संपतो तो दार उघडल्यावर, आत कोण आहे ते कळायच्या आधी. सेशनची शेवटची पंधरा मिनिटं राखून ठेवा आणि मोठी लढाई त्यात सुरू करू नका. हाणामारीच्या मध्यावर थांबलेला खेळ महिन्याभराने उचलताना कोणाला किती लागलं होतं हेच आठवत नाही. प्रश्नावर थांबलेला खेळ ग्रुपवर आपोआप चालू राहतो.

कोणाचा भाग कोणता हेही आधी ठरवा. ‘प्राइमटाइम ॲडव्हेंचर्स’ या गेममध्ये प्रत्येक पात्राला प्रत्येक भागासाठी १ ते ३ असा वजनाचा आकडा असतो. ३ म्हणजे हा भाग त्याचा. सहा सेशनच्या सीझनमध्ये चौघांना एकेक ३ द्या आणि पहिला व शेवटचा भाग सगळ्यांचा ठेवा. ज्याचा ३ आहे तो त्या रविवारी येऊ शकला नाही तर भाग बदला, पात्र दुसऱ्याला चालवायला देऊ नका.

सेशन संपल्यावर निघायच्या आधी तीन गोष्टी लिहून त्या पानाचा फोटो ग्रुपवर टाका: कोण कुठे आहे, कोणाला काय माहीत झालं, वर्तुळांचे किती भाग रंगलेत. कॅरेक्टर शीट गेम मास्टरनेच जवळ ठेवावी. घरी नेलेली चारातली एक शीट पुढच्या वेळी हमखास पनवेल लोकलमध्ये राहिलेली असते.